उन्हात टिकणारं पायरेथ्रम: मायकेल एलियट यांचं संशोधन

पायरेथ्रमचा फवारा अंगावर बसला की माशी मिनिटा-दोन मिनिटांत उलटी पडते. तोच फवारा भर उन्हात पिकाच्या पानावर मारला, तर काही तासांत त्यातला दम निघून जातो. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलापासून मिळणारं हे कीटकनाशक म्हणूनच घरात आणि कोठारात चाललं, शेतात मात्र कधी उभं राहिलं नाही. ते उन्हात टिकवायचं, आणि टिकवताना त्याची मारकशक्ती घटू द्यायची नाही, या एका प्रश्नावर ब्रिटिश सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ मायकेल एलियट (१९२४–२००७) यांनी आपली कारकीर्द लावली. १९४८ साली ते इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यातून घडलेल्या डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा शोधनिबंध आला १९७४ मध्ये. मधली पंचवीसेक वर्षं एकाच रेणूचा एकेक भाग बदलून पाहण्यात गेली.

वाळलेल्या फुलांत कीटक मारणारी संयुगं, म्हणजे पायरेथ्रिनं, साधारण १ ते २ टक्के असतात. ती एकूण सहा, आणि सगळी एस्टर, म्हणजे एक आम्ल आणि एक अल्कोहोल यांच्या जोडणीतून झालेली. आम्लाच्या बाजूला तीन कार्बनांचं ताणलेलं त्रिकोणी वलय, सायक्लोप्रोपेन. अल्कोहोलच्या बाजूला पाच कार्बनांचं वलय आणि त्याला लोंबणारी, दुहेरी बंधांची शेपटी. स्टाउडिंगर आणि रुझिका या रसायनशास्त्रज्ञांनी १९२४ साली ही रचना मांडली. आम्लाचा भाग त्यांनी बरोबर ओळखला, अल्कोहोलच्या तपशिलात मात्र चूक राहिली आणि ती पुढे इतरांनी दुरुस्त केली. जोडणी तुटून आम्ल आणि अल्कोहोल वेगळे झाले की विष संपतं. मारतो तो अखंड रेणू, आणि त्यातही त्याचा आकार.

आकार बरोबर आहे की नाही, हे सांगणारा न्यायाधीश म्हणजे कीटक. रॉथमस्टेडला नवा पदार्थ अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून त्याचा अगदी सूक्ष्म, मोजून घेतलेला थेंब प्रत्येक कीटकाच्या अंगावर ठेवत. वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं करायची, प्रत्येकासाठी कीटकांचा वेगळा गट घ्यायचा आणि निम्मे मरायला किती मात्रा लागली ते काढायचं. इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं म्हणजे, पडलेली माशी मेलेली असतेच असं नाही. नैसर्गिक पायरेथ्रिनानं आडवी झालेली माशी आपल्या विकरांनी विष फोडून पुन्हा उठू शकते, म्हणून मोजणी लगेच न करता एक-दोन दिवसांनी करावी लागते. दुसरं, घरमाशीवर उत्तम ठरलेला रेणू दुसऱ्या किडीवर फिका पडू शकतो. त्यामुळे घरमाशीबरोबर मोहरीवर्गीय पिकांवरचा भुंगेराही चाचणीत असे. रसायनशास्त्रज्ञ आणि कीटकशास्त्रज्ञ एकाच आवारात असणं हे या कामाचं खरं बळ होतं. बाटलीत काय बनलं याचा निकाल पुढच्या संश्लेषणाच्या आधी हातात यायचा.

एलियट यांनी आधी अल्कोहोलचा भाग हाती घेतला. नैसर्गिक शेपटीतले दुहेरी बंध हवेत सहज ऑक्सिडीकृत होतात आणि तो भाग प्रयोगशाळेत बनवणंही कटकटीचं. त्यांचा तर्क असा: शेपटीची जागा बेंझिनच्या वलयानं भरून निघेल, मधल्या वलयाऐवजी फ्युरान (एक ऑक्सिजन असलेलं पाच अणूंचं वलय) चालेल, पण या दोघांमध्ये एक कार्बन सांधा म्हणून हवाच. त्या सांध्यामुळे दोन्ही वलयं एका पातळीत सपाट न बसता एकमेकांशी वळलेली राहतात. यातून १९६७ साली रेस्मेथ्रिन आलं. ते घरमाशीवर नैसर्गिक पायरेथ्रिनांपेक्षा कितीतरी प्रभावी आणि सस्तन प्राण्यांना फारच कमी विषारी होतं. पण उन्हाचा प्रश्न तसाच राहिला, कारण फ्युरानचं वलयही प्रकाशात मोडतं.

खरी मेख आम्लाच्या भागात होती. त्रिकोणी वलयाला एक लहान फांदी असते: दुहेरी बंध आणि त्याच्या टोकाला दोन मिथाइल गट. प्रकाश आणि ऑक्सिजन या फांदीवर हल्ला करतात. कीटकाची विकरंही तिच्याच एका मिथाइल गटाला पायरीपायरीनं ऑक्सिडीकृत करतात. म्हणजे ऊन आणि कीटक, दोघांनाही दार एकच. ते कसं बंद करायचं? क्लोरीनचा अणू आकारानं मिथाइल गटाच्या जवळपास असतो, पण त्याला हायड्रोजन नसतात, त्यामुळे ऑक्सिडेशनला पकडायला जागाच उरत नाही. दोन मिथाइलांऐवजी दोन क्लोरीन असलेलं आम्ल चेकोस्लोव्हाकियातल्या फार्काश आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्येच केलं होतं. प्रकाशाला टिकणारा फिनॉक्सिबेंझाइल अल्कोहोल जपानमधल्या सुमितोमोच्या संशोधकांनी पुढे आणला होता. या दोन अर्ध्यांची जोडी एलियट यांच्या गटानं जमवली आणि १९७३ मध्ये पर्मेथ्रिन जाहीर झालं. पायरेथ्रमचा हा वारस शेतात उभा राहिला.

कागदावर दोन अणू बदलणं सोपं दिसतं, फ्लास्कमध्ये तसं नसतं. त्रिकोणी वलय बांधायचा जुना मार्ग म्हणजे तांब्याच्या उत्प्रेरकावर, योग्य दुहेरी बंध असलेल्या संयुगात इथाइल डायझोअ‍ॅसिटेट थेंबथेंब सोडणं. घाई केली तर डायझो संयुगाचे दोन रेणू आपसातच जुळून वाया जातात. त्याहून वाईट म्हणजे ते साठून राहिलं तर स्फोटाचा धोका. शिवाय हाती येतं ते सिस (फांदी आणि आम्ल गट वलयाच्या एकाच बाजूला) आणि ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) रूपांचं मिश्रण. रूप हातात ठेवायचं असेल तर तयार क्रिसॅन्थेमिक आम्लाचा, म्हणजे मिथाइल फांदी असलेल्या नैसर्गिक आम्लाचा, एस्टर घेऊन त्याची फांदी ओझोननं तोडायची, मिळालेल्या अल्डिहाइडवर विटिग अभिक्रियेनं (ऑक्सिजनच्या जागी दुहेरी बंधानं कार्बन जोडणारी अभिक्रिया) हॅलोजनांची, म्हणजे क्लोरीन किंवा ब्रोमीनची, नवी फांदी बसवायची. वलयाला हात लागत नाही, त्यामुळे त्याची ठेवण कायम राहते. या मार्गात अल्डिहाइड हवेत फार वेळ उघडं ठेवायचं नाही आणि विटिगच्या फ्लास्कमध्ये ओलावा शिरू द्यायचा नाही. शेवटी विटिगमधून उरणारं ट्रायफिनाइलफॉस्फीन ऑक्साइड चिवटपणे मागे राहतं, म्हणून उत्पादन हेक्झेनसारख्या विद्रावकात काढून घेऊन ते बाजूला सारतात. एस्टर उघडताना तीव्र अल्कली वापरली तर नव्या फांदीतून हायड्रोजन हॅलाइड निघून तिहेरी बंध तयार होण्याची भीती. म्हणून टर्शरी-ब्युटाइल एस्टर सोयीचा: तो आम्लानंच सुटतो आणि आयसोब्युटिलीन वायू होऊन निघून जातो.

पर्मेथ्रिननंतर अल्कोहोलच्या कार्बनावर एक सायनो गट (कार्बन-नायट्रोजनची जोडी) बसवला गेला. त्यातून सायपरमेथ्रिन आलं, आणि क्लोरीनऐवजी ब्रोमीन घेतल्यावर डेल्टामेथ्रिन. सायनो गटामुळे तो कार्बनही असममित होतो, म्हणजे त्याला चार वेगवेगळे गट जोडलेले असतात. वलयातले दोन आणि हा एक असे तीन असममित कार्बन, म्हणजे आठ समघटक: अणू तेच, अवकाशातली मांडणी वेगळी. वलयाच्या पहिल्या कार्बनाची एक ठेवण मारते, तिचं आरशातलं रूप जवळजवळ निष्क्रिय. सायनो कार्बनाचंही तसंच. डेल्टामेथ्रिन हा आठांपैकी नेमका एक समघटक. एकाच ठेवणीचं सिस आम्ल घेऊन ते मिश्र सायनो अल्कोहोलशी जोडलं, तर आठांऐवजी दोनच समघटक उरतात. त्यांचं द्रावण हेक्झेनमध्ये थंड केलं की हवा तो स्फटिक होऊन खाली बसतो आणि नको तो द्रावणात राहतो.

नावांच्या बाबतीत नवशिका इथे हमखास अडखळतो. क्रिसॅन्थेमिक आम्लात ‘१आर, ३आर’ (वलयाच्या पहिल्या आणि तिसऱ्या कार्बनाच्या ठेवणीची खूण) म्हणजे ट्रान्स, आणि डेल्टामेथ्रिनमध्ये तेच ‘१आर, ३आर’ म्हणजे सिस. अणूंचा अग्रक्रम ब्रोमीनमुळे बदलतो, म्हणून खूण तीच राहते आणि आकार वेगळा असतो. खूण वाचून थांबू नये, रेणू काढून पाहावा. दुसरी सवय अवशेष तपासणाऱ्यांसाठी: डेल्टामेथ्रिनचं प्रमाण द्रावण मिथेनॉलमध्ये साठवू नये. सायनो कार्बनावरचा हायड्रोजन सुटून परत बसतो, बसताना बाजू बदलतो, आणि काही दिवसांनी पृथक्करण यंत्राच्या आलेखावर एका शिखराच्या जागी दोन दिसू लागतात. हाच स्वभाव कारखान्यात उपयोगी पडला. द्रावणात थोडी अमाइन घातली की नको असलेला समघटक पालटत राहतो, हवा तो स्फटिक होत राहतो आणि जवळजवळ सगळा माल कामाचा निघतो.

हा रेणू कीटकाच्या चेतापेशीतल्या सोडियम मार्गिकेत, म्हणजे सोडियम आयन आत सोडणाऱ्या दारात, जाऊन बसतो. ही मार्गिका एक-दोन मिलिसेकंद उघडून बंद व्हायला हवी. पायरेथ्रॉइड, म्हणजे पायरेथ्रिनांच्या धर्तीवर बनवलेलं असं कीटकनाशक, तिला उघडीच धरून ठेवतं, आणि सायनो गट असलेलं तर फारच जास्त वेळ. थंडीत हा परिणाम वाढतो. डीडीटीची मात्रा हेक्टरी किलोच्या हिशेबात असायची, डेल्टामेथ्रिनची १० ते १५ ग्रॅममध्ये भागते. माणसाचं यकृत हे एस्टर लवकर फोडतं, म्हणून ५ टक्के पर्मेथ्रिनचं मलम खरजेवर त्वचेला लावता येतं. मांजराला मात्र पर्मेथ्रिन लावू नये, त्याचं शरीर ते फार सावकाश निपटतं. पाण्यातल्या माशांना तर सगळीच पायरेथ्रॉइडं अतिशय विषारी असतात, म्हणून फवारणीचा पंप तळ्यात किंवा ओढ्यात धुणं सर्वथा टाळावं.

आणि कीटकही बदलला. सोडियम मार्गिकेतल्या १०१४ क्रमांकाच्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी फिनाइलअलॅनिन आलं की पायरेथ्रॉइड तिथे नीट बसत नाही. घरमाशी आणि मलेरियाचे डास, दोघांतही हा बदल सापडला आहे. काही डासांची विकरं रेणू आधीच फोडून टाकतात. त्यांच्यासाठी मच्छरदाणीच्या धाग्यात पायरेथ्रॉइडबरोबर पिपरोनिल ब्युटॉक्साइड घालतात. ते स्वतः फारसं मारत नाही, फक्त त्या विकरांना अडवून धरतं. मार्गिकाच बदललेली असेल, तर मात्र त्याचा उपयोग होत नाही.