दुहेरी होकाराचा वाद : कोल्हापुरातल्या डिजिटल विक्रीची पार्श्वभूमी

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, लग्नपत्रिकांच्या आणि फ्लेक्सच्या सीडीआर (कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या) फायली, मराठी ई-पुस्तकं, मसाल्यांचे आणि शिवणकामाचे व्हिडिओ कोर्स असा डिजिटल माल आज कोल्हापुरात घरबसल्या तयार होतो आणि विकला जातो. बराचसा व्यवहार व्हॉट्सॲप आणि क्यूआर कोडवरच उरकतो. तरी ई-मेलची लिस्ट हवीच, हे आता राजारामपुरीतल्या क्लासवाल्यांनाही पटलं आहे. ती लिस्ट कशी भरायची, यावर मात्र एकमत नाही: फॉर्ममध्ये पत्ता भरला की नाव घ्यायचं (एकेरी होकार), की त्या पत्त्यावर गेलेल्या मेलमधली लिंक दाबल्यावरच (दुहेरी होकार)? हा मतभेद आजचा नाही.

पत्त्यांची वही ठेवून दूरच्या गिऱ्हाइकाला माल पाठवणं आपल्याकडे जुनंच. टपाल खात्याची व्ही.पी.पी., म्हणजे पार्सल हाती घेताना पोस्टमनला पैसे द्यायची सोय, १८७७ ची. मासिकं आणि दिवाळी अंक कित्येक दशकं वर्गणीदारांच्या यादीवर आणि व्ही.पी.पी.वर चालले. गिऱ्हाइकाला पायरीपायरीने खरेदीपर्यंत आणायची मांडणी अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. तिला फनेलचं, म्हणजे वर रुंद आणि खाली अरुंद होत जाणाऱ्या नरसाळ्याचं, रूप १९२० च्या दशकात मिळालं. मे १९७८ मध्ये तिथल्याच एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना न विचारता एकच जाहिरात ई-मेलने धाडली. तक्रारी लगेच आल्या, आणि विक्रीही झाली असं तो पुढे सांगत राहिला. या धंद्यातलं भांडण तिथूनच सुरू होतं.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. मराठीला त्यानंतरही वाट पाहावी लागली. डीटीपीवाल्यांचे फॉन्ट वेगवेगळ्या सांकेतिक पद्धतींचे, त्यामुळे एका संगणकावर टाइप केलेला मजकूर दुसऱ्यावर निव्वळ चिन्हांचा कचरा होऊन उमटे. युनिकोड ही सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी पद्धत रुळेपर्यंत मराठी ई-मेलवर विक्रीचा विचारच शक्य नव्हता. पैशाचंही तसंच. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी स्वस्त डेटा आला, आणि ९९ रुपयांची पीडीएफ विकणं प्रथमच परवडू लागलं. त्याआधी बँकेत पैसे भरल्याच्या पावतीचा फोटो मागवावा लागे.

पुढचा निर्णायक क्षण ऑक्टोबर २०१७ चा. तोपर्यंत ई-मेल पाठवणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी सेवेच्या फॉर्मवर दुहेरी होकाराची पद्धत होती: पत्ता भरला की त्या पत्त्यावर एक मेल जाई आणि त्यातली लिंक दाबली तरच नाव यादीत चढे. त्या महिन्याअखेरीस सेवेने एकेरी होकार हाच मूळ पर्याय केला. फॉर्म भरणारे बरेच जण लिंक दाबायच्या आधीच गळतात, असं कारण दिलं. युरोपातल्या ग्राहकांच्या आक्षेपांनंतर त्यांच्यापुरती जुनी पद्धत राहू दिली, कारण मे २०१८ पासून तिथे संमती सिद्ध करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर येणार होती. आपल्याकडच्या विक्रेत्यांना असं कोणतंच कवच नव्हतं. नवीन खातं उघडलं की एकेरी होकार आपोआप चालू, आणि सेटिंगमध्ये जाऊन तो बदलायचा हे कोण सांगणार?

हा निर्णय आपल्या भागाला किती अडचणीचा ठरला, याची पुरेशी चर्चा झालेली नाही. कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडच्या कितीतरी मुलांचा पहिला ई-मेल पत्ता नेट कॅफेत परीक्षेचा फॉर्म भरताना तयार झाला. पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत राहिला, कधी तर पत्ताच कॅफेवाल्याचा. असा पत्ता मोफत पीडीएफच्या फॉर्ममध्ये सहज भरला जातो, पण त्यावर आलेली मेल मुलाला दिसतच नाही. दुहेरी होकार असता तर असे पत्ते दारातच थांबले असते. एकेरी होकारात ते यादीत जमा होतात, मेल पाठवणाऱ्या सेवेला विक्रेता त्यांचेही पैसे भरतो, आणि न उघडलेल्या मेलांचा ढीग पाहून जीमेल बाकीच्यांच्या मेलही स्पॅममध्ये टाकू लागतं.

उलट बाजूही खरी आहे. होकाराची मेल बहुधा इंग्रजीत जाते, ती जाहिरातींच्या कप्प्यात पडते, आणि मुळात घ्यायला आलेला माणूस तिथेच सुटतो. पण ती मेल मराठीत लिहिता येते, आणि ‘इनबॉक्स उघडा, लिंक दाबली की पीडीएफ मिळेल’ असं फॉर्मखालीच सांगता येतं. एवढं काम टाळण्यासाठी संमतीच सोडून देणं मला मान्य नाही. पेन ड्राइव्हवरून फिरणाऱ्या, विकत घेतलेल्या याद्यांबद्दल तर बोलायलाच नको.

कायद्याने इथे फारशी मदत केली नाही. २०१० आणि २०१८ चे नकोशा जाहिरातींवरचे नियम फोन आणि एसएमएसचे. ई-मेल त्यात नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये त्रासदायक ई-मेलचा उल्लेख होता, पण ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. अभिव्यक्तीच्या दृष्टीने ते योग्यच झालं. नको असलेल्या जाहिरातींसाठी मात्र वेगळी तरतूद कोणी केली नाही.

मधल्या काळात तंत्रानेच शिस्त लावली. सप्टेंबर २०२१ पासून आयफोनच्या मेल ॲपमुळे ओपन रेटचे, म्हणजे मेल किती जणांनी उघडली याचे, आकडे भरवशाचे राहिले नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्याला डोमेनची, म्हणजे आपल्या पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, ओळख पटवणं आणि एका क्लिकवर यादीतून बाहेर पडू देणं बंधनकारक झालं. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याखाली ठेवाव्या लागतात. जाहिरातींच्या मेलसाठी स्वतःचं डोमेन नसलेला, साध्या जीमेलवरून मेल धाडणारा छोटा विक्रेता त्यातच अडखळला.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने जुना वाद पुन्हा समोर आणला. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि नि:संदिग्ध असावी, स्पष्ट कृतीने दिलेली असावी, आणि देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं असावं, असं त्यात म्हटलं आहे. यातला ‘बिनशर्त’ शब्द फनेलच्या मुळावर येतो. पीडीएफच्या बदल्यात पत्ता, आणि पत्त्यासोबत दर आठवड्याची जाहिरात, ही अटच नव्हे का? फॉर्ममध्ये पीडीएफसाठी एक चौकट आणि जाहिरातींसाठी वेगळी, आधीपासून खूण न केलेली चौकट ठेवणं हा सध्या तरी सर्वांत सुरक्षित मार्ग दिसतो. जुन्या यादीतल्या लोकांनाही त्यांचा डेटा कशासाठी वापरला जातो याची सूचना द्यावी लागणार आहे. ज्याच्याकडे दुहेरी होकाराची तारीख आणि वेळ नोंदलेली आहे, त्याचं काम त्या सूचनेवर भागेल. बाकीच्यांना आपल्या यादीतलं कोणतं नाव कुठून आलं, इथपासून शोध घ्यावा लागेल.