मायक्रोपबमध्ये बिअर बनत नाही, मग तिथे काय होतं?

मागच्या उन्हाळ्यात मावसभाऊ पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडमधल्या केंटला आला होता. त्याला मी गावातल्या मायक्रोपबमध्ये घेऊन गेलो. एकेकाळचं किराणा दुकान, चार लाकडी बाकं, एक छोटा काउंटर, बस. त्याने आत पाऊल टाकलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा, टाक्या कुठेयत?"

प्रश्न चुकीचा नव्हता. पुण्या-मुंबईत 'मायक्रो' शब्द बिअरच्या शेजारी आला की मायक्रोब्रुअरीच डोळ्यांसमोर येते. काचेच्या भिंतीमागे स्टीलच्या उंच टाक्या, समोर मोठा हॉल, पिझ्झापासून चिकन टिक्क्यापर्यंतचा मेन्यू, शनिवारी कान बधिर करणारं संगीत. 2009 मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, तेव्हापासून हे चित्र आपल्याकडे रुजलं. (नावही आपल्याच मातीतलं. नाशिकजवळच्या देवळालीत ब्रिटिश सैनिकांची छावणी होती. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने तिथे अडकलेल्या सैनिकांवरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे 'डोकं फिरलेला' असा शब्द रूढ झाला.)

मायक्रोब्रुअरीतलं 'मायक्रो' हे उत्पादनाबद्दल आहे. बिअर थोडी बनते, पण जागा कितीही मोठी असू शकते. मायक्रोपबमधलं 'मायक्रो' खोलीबद्दल आहे. तिथे बिअर बनतच नाही, बाहेरच्या ब्रुअरींकडून पिंपात भरून येते. जिथे पबच्याच आवारात बिअर बनवून विकतात, त्याला इंग्लंडमध्ये ब्रूपब म्हणतात. कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टन गावचा 'ब्लू अँकर' हा त्यातला जुना आणि नावाजलेला. आपल्याकडच्या बहुतेक मायक्रोब्रुअरी खरं तर ब्रूपबच आहेत.

मायक्रोपबची सुरुवात कुठे झाली हे नेमकं सांगता येतं. केंटमध्येच हर्न नावाचं गाव आहे. तिथे 2005 साली मार्टिन हिलियर यांनी खाटकाच्या बंद पडलेल्या दुकानात 'बुचर्स आर्म्स' उघडला. खोली आपल्या चाळीतल्या खोलीएवढी. हे तेव्हाच का जमलं, त्यालाही कारण आहे. 2003 चा मद्यपरवान्यांचा नवा कायदा 2005 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला आणि परवाने देण्याचं काम दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाकडून स्थानिक कौन्सिलकडे आलं. त्याआधी 'या भागात आणखी पबची गरजच काय?' असा आक्षेप घेऊन जुने पबवाले नवख्याला दाराबाहेर ठेवू शकत. ती आडकाठी गेली. 2009 मध्ये हार्टलपूलच्या रेल्वे स्टेशनातल्या एका छोट्या खोलीत 'रॅट रेस एल हाउस' निघाला, 2012 मध्ये मायक्रोपबवाल्यांची संघटना झाली आणि मग बंद पडलेल्या दुकानांना एकामागून एक नवे भाडेकरू मिळू लागले.

पण नुसतं लहान असून भागत नाही. सफकमधल्या बरी सेंट एडमंड्स गावात 'नटशेल' नावाचा पब आहे. साधारण 15 फूट बाय 7 फूट, ब्रिटनमधल्या सर्वांत छोट्या पबांपैकी एक. तरी त्याला मायक्रोपब म्हणत नाहीत, कारण तो ग्रीन किंग या मोठ्या ब्रुअरीचा आहे. इंग्लंडमधले कितीतरी पब असे ब्रुअरीशी किंवा पब-कंपनीशी बांधलेले असतात. इमारत त्यांची, त्यामुळे बिअर कुठली घ्यायची हेही तेच ठरवतात. मायक्रोपब बांधलेला नसतो. मालकाला वाटलं तर या आठवड्यात शेजारच्या गावची बिअर, पुढच्या आठवड्यात यॉर्कशायरची. 2002 पासून लहान ब्रुअरींना बिअरवरच्या करात सवलत मिळू लागली आणि नव्या ब्रुअरी भराभर निघाल्या. त्यांचा माल बांधलेल्या पबांत सहज शिरत नव्हता, मायक्रोपबच्या दारात मात्र शिरला. नावावरून ज्यांची आपण गल्लत करतो, ते दोघे असे एकमेकांच्या आधाराने वाढलेत.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. मायक्रोपबमध्ये बिअर बनत नाही असं म्हटलं खरं, पण ते अर्धंच खरं आहे. इथे मुख्यतः रिअल एल मिळते. हा शब्द रुळवला तो 1971 मध्ये स्थापन झालेल्या 'कॅमरा' या बिअरप्रेमींच्या चळवळीने. रिअल एल म्हणजे ज्या पिंपातून ओतायची त्याच पिंपात दुसऱ्यांदा आंबलेली, आतलं यीस्ट जिवंत असलेली आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइडचा दाब न देता ग्लासात येणारी बिअर. पाकिटातलं दही आणि रात्री घरी विरजण लावलेलं दही यांत जो फरक, साधारण तोच इथे. विरजलेलं दही तुमच्या स्वयंपाकघरात तयार होतं, तशी ही बिअर पबमध्ये पोचल्यावर तयार होते. शेवटचा टप्पा ब्रुअर पबमालकावर सोपवतो.

आमच्या मायक्रोपबच्या मालकाने एका दुपारी मला तो टप्पा दाखवला. पिंप आडवं मांडलेलं, वरच्या बाजूला बूच. त्या बुचाच्या मधोमध त्याने मऊ, सच्छिद्र लाकडाची बोटभर खुंटी लाकडी हातोड्याने ठोकली. फस्स आवाज झाला आणि खुंटीच्या रंध्रांतून तपकिरी फेस वर आला. त्याने फडक्याने पुसला, परत आला, परत पुसला. "फेस यायचा मंदावला की आतला जास्तीचा वायू निघाला असं समजायचं," तो म्हणाला. मग मऊ खुंटी काढून कडक लाकडाची ठोकायची, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. पिंप अजिबात न हलवता गाळ खाली बसू द्यायचा. कधी एक दिवस, कधी दोन. खुंटी केव्हा बदलायची याचं घड्याळ नसतं. नाक, जीभ आणि सवय, एवढंच. एकाच ब्रुअरीची एकच बिअर दोन पबांत वेगळी लागते ती यामुळे.

गाळ लवकर बसावा म्हणून अनेक ब्रुअर माशाच्या फुग्यापासून केलेला आयझिंग्लास पिंपात घालतात. शाकाहारी मंडळींनी ऑर्डर देण्याआधी जरूर विचारावं. तो न घातलेली, थोडी गढूळ बिअर आता बऱ्याच ठिकाणी मिळते.

तयार बिअर साधारण 12 अंशांवर ठेवतात. पुण्याच्या उकाड्यातून आलेल्याला ती कोमट वाटते. भावालाही वाटली. पण बर्फगार केली की माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) गोडी आणि हॉप्सचा (बिअरमध्ये घालायच्या एका वेलीच्या फुलांचा) कडसर वास दोन्ही दबतात. आपल्या मायक्रोब्रुअरीत बिअर ताजीच असते, ती थंडगार आणि गॅसच्या दाबाने येते, आणि आपल्या हवेत ते बरोबरच आहे. इथे तळघर नसल्याने पिंपं मागच्या छोट्या गार खोलीत असतात आणि बिअर तोटीतून सरळ ग्लासात उतरते.

आणि पब इतका लहान का, याचं उत्तरही पिंपातच आहे. फर्किन नावाच्या नेहमीच्या पिंपात 9 गॅलन, म्हणजे 72 पाइंट बिअर मावते (इथला पाइंट अर्ध्या लिटरहून थोडा मोठा). एकदा ते चालू झालं की आत हवा शिरते आणि तीनेक दिवसांत बिअर उतरू लागते. म्हणजे रोज 24 पाइंट खपायलाच हवेत, आणि तेही प्रत्येक पिंपामागे. छोट्या खोलीत म्हणून एका वेळी तीन-चारच बिअर असतात. वीस नळ लावले तर माल आंबून जाईल. स्वयंपाकघर, टीव्ही, संगीत यांचा खर्च नाही, त्यामुळे मालक एकट्याने हे चालवू शकतो. बऱ्याच ठिकाणी फोन वाजला तर धर्मादाय डब्यात नाणं टाकायला लावतात. बाकं समोरासमोर असतात, त्यामुळे अनोळखी माणसाशी बोलल्याशिवाय गत्यंतर नसतं. भावाला त्या संध्याकाळी एका निवृत्त पोस्टमनने हॉप्सचे मळे कसे कमी होत गेले ते तासभर ऐकवलं, आणि त्याने तेवढ्याच मन लावून पोस्टमनला नाशिकची द्राक्षं समजावून सांगितली.

आठच्या सुमाराला भावाला आवडलेली एल संपली. त्याने आणखी एक मागितली, तेव्हा मालकाने मागच्या खोलीतलं दुसरं पिंप दाखवलं. खुंटीभोवती अजून फेसाचं कडं होतं. "उद्या संध्याकाळी," तो म्हणाला. भावाचं विमान परवा होतं, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो.