सी भाषेतील अनइनिशियलाइज्ड व्हेरिएबलची वॉर्निंग

सी भाषेत ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल शून्यापासून सुरू होतात. फंक्शनच्या आतल्या साध्या व्हेरिएबलला मात्र आपोआप काहीच मिळत नाही. स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, आधीच्या कामाचं जे उरलेलं असेल तेच त्याच्या वाट्याला येतं. विद्यार्थी याला ‘गार्बेज व्हॅल्यू’ म्हणतात. किंमत भरण्याआधीच ती वाचली जाते आहे असं दिसलं, की कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) वॉर्निंग देतो.

जीसीसी हा सी कंपायलर ही वॉर्निंग दोन सुरांत देतो: ‘अनइनिशियलाइज्ड’ म्हणजे खात्री, ‘मेबी अनइनिशियलाइज्ड’ म्हणजे संशय. संशयाचा प्रकार २०१२ च्या ४.७ आवृत्तीत वेगळा झाला. तो ऑप्टिमायझेशनवर (कोड वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो त्या विश्लेषणावर) अवलंबून असल्याने डीबग बिल्डमध्ये (चुका शोधण्याच्या आवृत्तीत) गप्प बसलेला कोड रिलीज बिल्डमध्ये (वापरकर्त्यांना द्यायच्या आवृत्तीत) कुरकुरू लागतो.

समजा, वीजबिलाच्या फंक्शनमध्ये घरगुती ग्राहकाचा दर एका ‘इफ’मध्ये आणि व्यापारी ग्राहकाचा ‘एल्स इफ’मध्ये ठरतो, शेवटचा ‘एल्स’ नाही. वॉर्निंग दिसते खाली, गुणाकाराच्या ओळीवर. चूक असते वर. घाईत ‘इंट दर = ०;’ लिहिलं की वॉर्निंग जाते आणि शेतीपंपाच्या ग्राहकाला शून्य रुपयांचं बिल जातं. इथे खरी दुरुस्ती म्हणजे ‘एल्स’ लिहून त्यात एरर परत करणं. ‘इंट दर = दर;’ ही युक्ती तर निव्वळ तोंड बंद करण्याची. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, त्यासाठी खास मॅक्रो (कोडच्या तुकड्याला दिलेलं छोटं नाव) होता. तो २०२० मध्ये काढून टाकला. इनपुट वाचणाऱ्या ‘स्कॅनएफ’ फंक्शनला व्हेरिएबलचा पत्ता दिला, की कंपायलर सहसा बोलतच नाही. वाचन फसलं का, हे परत आलेल्या आकड्यावरून आपणच तपासायचं.

उलट, प्रत्येक तक्रार आंधळेपणाने मिटवणंही महागात पडतं. व्हॅलग्रिंड हे साधन प्रोग्राम चालू असताना असंच वाचन पकडतं. त्याच्या तक्रारींमुळे डेबियन या लिनक्स आवृत्तीने २००६ मध्ये ओपनएसएसएल या गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीमधल्या दोन ओळी काढल्या. त्यांतली एक खरोखर न भरलेला बफर मिसळत होती. दुसरी यादृच्छिक बीज भरणारी मुख्य ओळ होती. मग किल्लीच्या यादृच्छिकतेसाठी उरला तो फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामला सिस्टीम देते तो क्रमांक), म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. हे उघड झालं १३ मे २००८ रोजी, आणि मधल्या काळात तिथे बनलेल्या एसएसएच किल्ल्या (दूरच्या संगणकात सुरक्षित लॉगिन करण्याच्या) फेकून नव्या कराव्या लागल्या.