मातीत की दाहिनीत: देहाच्या पुनरुत्थानामागचा जुना वाद

ठाणे-नवी मुंबईतल्या कॅथलिक घरांत हल्ली म्हातारी माणसंच विषय काढतात, की मला पुरू नका, दाहिनीत द्या, पोरं परदेशात आहेत, कबर कोण बघणार. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो चर्चची परवानगी आहे, दुसरा म्हणतो अरे पण मग शेवटच्या दिवशी, सगळे मेलेले देहासकट उठणार तेव्हा, उठायचं कसं. हा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा अजिबात नाही, कारण सगळी श्रद्धाच तिथे उभी आहे.

गुड फ्रायडेला क्रुसावर मेलेला येशू ईस्टरला उठला ही कथा सगळ्यांना माहितीये, ती पुन्हा सांगत नाही. बाहेरच्या लोकांना नाताळ मोठा वाटतो, पण मूळ सण ईस्टर. येशूचा प्रेषित पौल याने साधारण इ.स. ५५ च्या सुमारास करिंथकरांना, म्हणजे ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलं ते सरळ आहे, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार फुकट आणि तुमची श्रद्धाही फुकट. त्याच्या समोरचे लोक येशू उठला हे मानत होते, आपण उठणार हे त्यांना पटत नव्हतं, कारण ग्रीक विचारात आत्मा देहातून सुटला की झालं, देह परत कशाला हवा? पौल म्हणतो नाही, दोन्ही एकच गोष्ट आहे, तो उठला म्हणून तुम्हीही उठणार, देहासकट, फक्त तो देह बदललेला असेल, पेरलेला दाणा आणि त्यातून आलेलं रोप असतं तसं. म्हणून आजही विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धा जाहीर करण्याच्या प्रार्थनेत, आपण नुसतं आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही, देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे असं म्हणतो.

आता जाळलेल्या देहाचं काय, हेही जुनंच. इ.स. १७७ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला ख्रिस्ती हुतात्म्यांना मारून त्यांचे देह जाळले आणि राख ऱ्होन नदीत टाकली, हेतू हाच की बघू आता कसे उठतात. अशा टोमण्यांवर त्या काळच्या ख्रिस्ती लेखकांची भूमिका अशी, की देह कसाही नष्ट झाला तरी आम्हाला भीती नाही, पण मातीत ठेवायची जुनी रीत आम्हाला चांगली वाटते. म्हणजे राखेतून देवाला उठवता येणार नाही असं चर्चने सुरुवातीपासूनच मानलं नव्हतं, हे घरातल्या वादात कुणी सांगतच नाही.

मधली शतकं भराभर. सुमारे ७८५ मध्ये ख्रिस्ती राजा शार्लमेनने आताच्या जर्मनीतल्या सॅक्सन लोकांवर सत्ता लादताना देह जाळणाऱ्याला मृत्युदंड ठेवला, तिथून दहन म्हणजे ख्रिस्ती नसण्याची खूण झाली. आणि आपलं ठाणं या इतिहासात आहे बरं का, १३२१ मध्ये इथे फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या चार साधूंना मारलं गेलं, त्यांचे देह सोपाऱ्याला (आताचं नालासोपारा) पुरले, आणि पुढे थोड्याच काळात दुसरा एक साधू त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनपर्यंत गेला. देहाची किंमत होती म्हणूनच कुणी अस्थी घेऊन एवढा समुद्रप्रवास केला.

खरा गुंता १९व्या शतकातला. १८७६ मध्ये मिलानला आधुनिक दाहिनी सुरू झाली. इटलीत दहनाचा प्रचार करणाऱ्यांत चर्चविरोधी मंडळी बरीच होती, मेल्यावर पुढे काही नाही हे दाखवायलाही काहीजण दहन निवडत होते. म्हणून १८८६ मध्ये रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयाने, बंदी घातली, आणि १९१७ च्या चर्चच्या धर्मनियमांत तर असं आलं की ज्याने स्वतःच्या दहनाची सूचना ठेवली त्याला चर्चचा दफनविधीच नाही. माझ्या मते हा निर्णय त्या भांडणापुरता समजण्यासारखा होता, पण तो जगभर लागू झाला, आणि आपल्याकडे शेजारी कुणी दहन करतो ते देव नाकारायला नव्हे, उलट श्रद्धेनेच करतो. इटलीतल्या भांडणाचा नियम कोकणपट्टीत येऊन वेगळाच अर्थ घेऊन बसला, पुरणं म्हणजे आपण कोण आहोत याची ओळख झाली, आणि म्हणून तो नियम गेल्यावरही मनातून जात नाही.

नियम गेला १९६३ मध्ये. श्रद्धा नाकारण्याच्या हेतूने नसेल तर दहन चालेल, दफन मात्र अधिक पसंत, हेच १९८३ च्या नियमांतही आहे. प्रोटेस्टंट चर्चेसनी बऱ्याच आधी स्वीकारलं होतं, पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च अजून मानत नाही.

आपल्याकडे मात्र जागेच्या टंचाईने हा प्रश्न पुढे आणला. कबर कायमची मिळणं मुश्किल, ठरावीक मुदतीनंतर ती उघडतात, अस्थी छोट्या पेटीत घालून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात, वर संगमरवरी पाटी, नाव आणि दोन तारखा, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, त्याच कप्प्यासमोर झेंडूचे हार आणि मेणबत्त्या. आता त्याच कप्प्यात अस्थीऐवजी राख ठेवली तर श्रद्धेत नेमका काय फरक पडतो, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

कोविडने तो अंगावरच आणला. ३० मार्च २०२० ला मुंबईत परिपत्रक निघालं की कोविडने गेलेल्यांचं धर्म न बघता दहनच करायचं, ते त्याच दिवशी बदललं, पण लोक हादरले ते हादरलेच. जुलैमध्ये केरळात आलप्पुळाच्या कॅथलिक धर्मप्रांताने स्वतःहून दहन करून राख दफनभूमीत पुरायची पद्धत सुरू केली.

राखेचं काय करायचं यावर २०१६ मध्ये रोमने स्पष्ट सांगितलं, की विखुरायची नाही, सहसा घरी ठेवायची नाही, वाटून घ्यायची नाही, दागिन्यात घालायची नाही, दफनभूमीसारख्या पवित्र जागीच ठेवायची. कारण तेच, तो माणूस निसर्गात विरून गेला असं आपण मानत नाही, तो नावानिशी उठणार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये थोडी सूट आली, अनेकांची राख एकत्र ठेवता येईल पण प्रत्येकाचं नाव नोंदलेलं हवं, आणि घरच्यांनी मागितलं तर राखेचा छोटा भाग मृताला जवळच्या वाटणाऱ्या जागी ठेवू देता येईल, अर्थात चर्चच्या अधिकाऱ्यांनी विचार करूनच. तेव्हा वाशी-नेरूळच्या फ्लॅटमध्ये कलश कपाटात ठेवायचा बेत असेल तर आधी फादरांशी बोलून घ्या, आणि कप्पा मिळतोय का ते दहनाआधीच विचारा.