बोलणं, चालणं आणि देव: लहान मुलांच्या ‘माइलस्टोन्स’मागचा इतिहास

दोन वर्षं झाली तरी मूल दोन शब्द जोडून बोलत नाही म्हटलं की घरात काळजी सुरू होते, कुणीतरी लगेच मोबाईलवर माइलस्टोन्सचा, म्हणजे कुठल्या वयात काय जमायला हवं याचा, चार्ट उघडतं. ख्रिस्ती घरात याच वयासाठी आणखी एक चार्ट असतो, तो कुठे छापलेला नसतो पण सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो, म्हणजे जेवणाआधी हात जोडतो का, प्रभूची प्रार्थना कुठपर्यंत येते, शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, बायबलमधलं वचन न अडखळता म्हणतो का. पहिला चार्ट डॉक्टरांचा आणि दुसरा चर्चचा असं आपण धरून चालतो, पण मागे जाऊन बघितलं तर दोन्ही बऱ्यापैकी एकाच घरातून निघालेत, आणि मला सारखं वाटतं की हा इतिहास आईबाबांना आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माहीत असता तर पोरांवरचं पाठांतराचं ओझं बरंच कमी झालं असतं.

सुरुवात इसवी सन ४०० च्या आसपास करता येते. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन आपल्या आत्मकथनात स्वतःच्या तान्हेपणाबद्दल लिहितो, आठवत तर काही नाही म्हणून इतरांनी सांगितलेलं आणि दुसऱ्या बाळांकडे बघून कळलेलं लिहितो. बाळ आधी झोपेत हसतं आणि मग जागेपणी, मग हातपाय हलवून काय हवं ते सांगायला बघतं, मग मोठी माणसं एखाद्या वस्तूकडे वळून काय आवाज काढतात ते टिपत टिपत बोलायला लागतं. हे एवढं बारीक निरीक्षण! पण त्याच पानांवर तो एक तान्हं बाळ बघतो, जे अजून बोलतही नाही पण सोबत दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे बघून हेव्याने पांढरंफटक पडलंय, आणि त्यावरून तो पाप जन्मापासूनच असतं इथपर्यंत जातो. पाश्चात्त्य चर्चमधे पुढे शेकडो वर्षं याच दुसऱ्या भागाचा जोर राहिला. मूल वाढतं कसं हा प्रश्न मागे पडला, बाप्तिस्मा वेळेत झाला का हा पुढे आला.

नंतर १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे पश्चिमेकडच्या चर्चच्या मोठ्या सभेने, ठरवलं की समजुतीचं वय आलं की वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करायचं आणि कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची पवित्र भाकर, घ्यायचा. ते वय नक्की कुठलं यावर वाद चालूच राहिले, बऱ्याच ठिकाणी मुलं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत थांबवली जायची, शेवटी ८ ऑगस्ट १९१० ला पोप दहावे पायस यांनी ते साधारण सातवर आणलं. वसईत, गोव्यात मुलं प्राथमिक शाळेत असतानाच पहिला कम्युनियन घेतात त्यामागे हा आदेश आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधे मात्र तान्ह्या बाळालाही बाप्तिस्म्यानंतर कम्युनियन देतात, तिथे समजुतीची अटच नाही. पण पश्चिमेकडे आधी समजूत आणि मग कम्युनियन असं एकदा ठरल्यावर तीन ते सहा हे वय अधिकृत हिशोबात जवळजवळ कोरंच राहिलं.

ते पान भरायला घेतलं कोमेनियसने, आणि या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हाच माणूस. मोराव्हियातला, बंधुमंडळी नावाच्या छोट्या प्रोटेस्टंट चर्चचा पाळक म्हणजे धर्मगुरू, प्लेगमधे बायको आणि मुलं गेली, धर्मयुद्धात देश सुटला, पोलंडमधे लेश्नो गावात आसरा मिळाला. तिथे राहून त्याने आयांसाठी एक पुस्तक लिहिलं, ते १६३३ मधे जर्मनमधे छापलं गेलं, पहिल्या सहा वर्षांत आईच्या मांडीवरच्या शाळेत मुलाने काय काय शिकायचं याचं. त्यात भूगोल कुठून सुरू होतो? पाळणा आणि आईची कूस यातला फरक कळतो तिथून. मग खोली, मग अंगण, मग गल्ली, शेत. भक्तीलाही त्याने असाच चढता क्रम लावलाय, आधी आकाशाकडे बोट, मग हात जोडणं, थोडा वेळ शांत बसणं, मग छोटीशी प्रार्थना आणि प्रभूची प्रार्थना तर तुकड्यातुकड्याने. म्हणजे शरीर, भाषा, बुद्धी आणि श्रद्धा हे चारही एकाच पुस्तकात, एकाच मुलाबद्दल, आणि शिक्षक कोण तर आई.

पुढे अमेरिकेत हार्टफर्डचे पाळक होरेस बुशनेल यांनी १८४७ मधे मोठा वाद ओढवून घेतला. त्या काळात तिथल्या चर्चमधे जोरदार पुनरुज्जीवन सभा चालायच्या, माणसाने मोठं होऊन पापाची जाणीव होऊन रडून पालटायचं, मग तो ख्रिस्ती. बुशनेल म्हणाले की ख्रिस्ती घरातल्या मुलाने लहानपणापासून ख्रिस्तीच वाढावं, आपण कधी वेगळे होतो असं त्याला वाटूच नये, आणि घरातलं वातावरण हे उपदेशाच्या आधी काम करतं. टीका एवढी झाली की ज्या संस्थेने पुस्तक छापलं तिनेच ते मागे घेतलं.

याच सुमारास जर्मनीत फ्रोबेल, तोही ल्युथरन पाळकाचा मुलगा, किंडरगार्टन चालवत होता, आणि इथून एक धागा थेट आपल्याकडे येतो. १८८६ मधे पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे त्यांनी किंडरगार्टनची पद्धत रीतसर शिकून घेतली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं त्यामागच्या तयारीत हे शिक्षणही होतं. रमाबाईंचं नाव आपण विधवांच्या कामासाठी घेतो ते योग्यच आहे, पण बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांची ही बाजू फारशी सांगितली जात नाही याचं वाईट वाटतं.

आता डॉक्टरांचा चार्ट. १८७७ मधे डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणाच्या जुन्या नोंदी छापल्या. मग अमेरिकेत स्टॅनली हॉल आले, जे आधी पाळक व्हायला धर्मशास्त्र शिकले होते आणि मग मानसशास्त्राकडे वळले, आणि त्यांचा विद्यार्थी आर्नल्ड गेसेल. येल विद्यापीठात १९११ पासून गेसेलने क्लिनिक चालवलं, कॅमेरे लावलेल्या घुमटाखाली मुलांना बसवून फिल्म काढल्या, मुलासमोर एक इंचाचे लाल ठोकळे ठेवायचे आणि तो किती रचतो ते बघायचं. तीनच्या आसपास मूल बघून गोल काढतं, चारला अधिकचं चिन्ह, पाचच्या आसपास चौकोन. आज बालरोगतज्ज्ञ कागद पेन्सिल देऊन जे करून घेतात त्यातलं पुष्कळ तिथून आलंय. अडचण ही होती की ही मुलं मुख्यतः एकाच अमेरिकन शहराची, न्यू हेवनची, आणि त्यांचं वय मग जगाचं माप झालं. आपल्याकडे बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांवरून वेगळी मापं बसवली ती म्हणूनच मोलाची. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मधे पाच देशांतल्या मुलांवरून, त्यात दिल्लीचीही होती, आकडे दिले तर आधाराशिवाय चालायला लागायचं नॉर्मल वय निघालं ८.२ ते १७.६ महिने, म्हणजे नऊ महिन्यांचा फरक असूनही दोन्ही मुलं ठणठणीत! २०२२ मधे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने चार्ट बदलले तेव्हा साधारण ७५ टक्के मुलांना जमतं तेच त्या वयाखाली लिहायचं ठरलं, आधी बरेच टप्पे निम्म्या मुलांवरून धरलेले होते. चार्टचा उपयोग कुणाला मदत लागेल ते लवकर कळावं एवढाच, शेजारच्या पिंकीशी तुलना करायला तो नाहीच.

या प्रयोगशाळांच्या काळात श्रद्धा चार्टमधून बाहेर पडली, पण दुसऱ्या दारातून परत आली. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मधे रोममधे बालगृह काढलं आणि पुढे बार्सिलोनात मुलांच्या उंचीचं छोटं प्रार्थनाघर करून बघितलं. त्यांचाच धागा धरून १९५४ मधे रोममधेच सोफिया कावालेत्ती आणि जियाना गोब्बी यांनी लहान मुलांसोबत काम सुरू केलं, पुढे त्यात तीन ते सहा वर्षांची मुलंही आली. लाकडी मेंढपाळ, मेंढ्या, छोटं कुंपण, येशूचा दाखला म्हणजे दृष्टांत हळू आवाजात सांगायचा आणि मग मुलांना ते स्वतः हाताळू द्यायचं. त्यांच्या लक्षात आलं की या वयाची मुलं नियम आणि शिक्षेच्या गोष्टींपाशी थांबत नाहीत, मेंढ्यांना नावाने हाक मारणाऱ्या मेंढपाळापाशी मात्र परत परत येतात. मानसशास्त्रज्ञ एरिक्सनने १९५० मधे पहिल्या वर्षाचा पाया विश्वास म्हणून सांगितला आणि धर्माचं नातंही तिथेच जोडलं. मग १९८१ मधे अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ जेम्स फाउलर यांनी श्रद्धेचे टप्पे मांडले, त्यात साधारण तीन ते सात हा टप्पा कल्पना, चित्रं, गोष्टी आणि मोठ्यांच्या अनुकरणाचा. त्यांच्यावर टीकाही झाली की मुलाखतीत जे बोलून दाखवता येतं तेच मोजलंय, आणि ती मला पटते, कारण तीन वर्षांच्या मुलाची श्रद्धा बोलण्यात फार थोडी असते.

स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेचं म्हणणं होतं की लहान मूल आधी आईबाबांनाच सर्वज्ञ समजतं आणि मग तेच देवाला लावतं. हे तपासायला २००१ मधे मानसशास्त्रज्ञ जस्टिन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट घरांतल्या मुलांना बिस्किटांचा डबा दाखवला. आत काय? बिस्किटं. उघडला तर खडे. परत बंद करून विचारलं, आईने हा डबा बघितलाच नाहीये, तिला काय वाटेल? तीन वर्षांची मुलं म्हणाली खडे, आणि देवाला? खडेच. पाच-सहा वर्षांची म्हणाली आईला वाटेल बिस्किटं, देवाला माहीत असणार खडे आहेत. पण २००७ मधे ग्रीसमधल्या मुलांवर असाच अभ्यास झाला तेव्हा तीन-चार वर्षांच्या मुलांनी देवालाही माणसासारखंच धरलं आणि आई वेगळी, देव वेगळा हा फरक पाचच्या पुढे दिसला. दोन्हीकडे मोठ्या मुलांना तो फरक करता येतोय, मतभेद आहे तो त्याआधीच्या दीड-दोन वर्षांबद्दल, म्हणजे नेमकी बालवाडीची वर्षं. तेव्हा चार वर्षांच्या मुलीने रात्री विचारलं की देव पण आता झोपला असेल का, तर त्यात धाक दाखवण्यासारखं काही नाही, तिला विचारा तुला काय वाटतं, आणि ती जे सांगेल ते पूर्ण ऐका.