कंपू म्हणजे टोळकं नव्हे, ग्वाल्हेरच्या एका शब्दामागची गोष्ट

पुण्याचा भाचा आलाय, मी म्हटलं जरा कंपूला जाऊन येते तर तो हसायलाच लागला, त्यांच्याकडे कंपू म्हणजे टोळकं ना. आमच्या ग्वाल्हेरात तो लष्कर नावाच्या भागातला एक मोहल्ला आहे, आणि दोन्हींचं मूळ एकच, पोर्तुगीज काम्पो म्हणजे छावणी. मराठ्यांकडे कवायती, म्हणजे युरोपी पद्धतीने शिकवलेल्या पायदळ पलटणींच्या फौजेलाच कंपू म्हणायचे.

ही फौज उभी केली महादजी शिंद्यांनी. १७६१ ला पानिपतात त्यांचा पाय कायमचा अधू झाला, तिथे मराठ्यांच्या बाजूच्या इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी कशा लढल्या ते त्यांनी पाहिलं होतं, आणि पुढे ऑगस्ट १७८० मध्ये पॉपहॅमच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने रात्रीतून शिड्या लावून आपला हा ग्वाल्हेरचा किल्लाच घेतला. नुसत्या घोडदळावर आता भागणार नाही हे त्यांना इतर कुणाही आधी कळलं असं मला ठामपणे वाटतं.

मग १७८४ ला डिबॉईन आला. माणूस सॅव्हॉयमधल्या शाम्बेरीचा, फ्रान्सच्या आयरिश पलटणीत नोकरी केलेला, रशियाकडून लढताना तुर्कांच्या कैदेत पडलेला, मद्रासला कंपनीची चाकरी केलेला. त्याने दोन पलटणींपासून सुरुवात केली. बंदुका, तोफा, कवायत हे सगळं होतंच पण खरी गोष्ट पगाराची, शिपायाला पगार वेळेवर मिळायचा, कारण त्यासाठी अलीगढकडचा मुलूखच तोडून दिला होता, आणि त्या काळात फौजांचे पगार महिनोन्महिने तुंबायचे हे लक्षात घ्या. १७९० ला राजस्थानातल्या पाटण आणि मेडता, दोन्ही लढाया याच कंपूने मारल्या. १७९३ ला लाखेरीला होळकरांच्या कवायती पलटणीही मोडल्या, म्हणजे आपलेच आपल्यांवर, ते वाचताना अजून त्रास होतो.

१७९४ ला महादजी गेले, पाठोपाठ डिबॉईन युरोपात परतला, त्याच्या जागी पेराँ हा फ्रेंच अधिकारी आला. १८०३ ला इंग्रजांनी जाहीर केलं की शिंद्यांची नोकरी सोडाल तर पैसे देऊ, आणि बरेच गोरे अधिकारी ऐन लढाईच्या तोंडावर निघून गेले, सप्टेंबरात तर खुद्द पेराँच गेला. जालन्याकडच्या असईला २३ सप्टेंबरला इंग्रज सेनापती वेलस्ली जिंकला, हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा, पण त्याची साडेपंधराशेच्या वर माणसं मेली नि जखमी झाली. १ नोव्हेंबरला राजस्थानातल्या लासवारीला तर पलटणींकडे गोरे अधिकारी जवळजवळ उरलेच नव्हते, तरी शिपाई तोफा सोडून हटले नाहीत, जिंकलेल्या जनरल लेक या इंग्रज सेनापतीनेच पत्रात त्यांना वीर म्हटलंय. दोष शिपायांचा नव्हताच, हुकूम देणारी माणसं आपण घडवली नाहीत, भाड्याने आणली.

१८१० ला महादजींच्या गादीवर आलेल्या दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ टाकला, तंबूंची घरं झाली, आणि गावाला नाव पडलं लष्कर. भाच्याला उद्या तिथेच फिरवून आणते.