सेंट पॉल्सचा घुमट: पोटात दडलेला शंकू

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथिड्रलचा जो घुमट दुरून दिसतो, तो स्वतःपलीकडे फारसं ओझं वाहतच नाही. लाकडी सांगाडा आणि त्यावर शिशाचा पत्रा, एवढंच ते कवच. आत उभं राहून मान वर केली की दिसतो तो विटांचा दुसराच, बराच ठेंगणा घुमट. शिखरावरचा सुमारे 850 टनांचा दगडी मनोरा पेलतो तो या दोहोंमध्ये लपलेला विटांचा शंकू. त्याची जाडी जेमतेम 18 इंच!

ही रचना ख्रिस्तोफर रेन (1632–1723) यांची. ते मूळचे ऑक्सफर्डचे खगोलशास्त्राचे प्राध्यापक. 1666च्या आगीत जुनं कॅथिड्रल गेलं, 1675मध्ये नव्याचं काम सुरू झालं. खर्चाचा मोठा भाग कोळशावरच्या करातून आला.

शंकूच का? रेन यांचे स्नेही, शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांचं म्हणणं होतं, की टांगलेली साखळी जो आकार घेते, तोच उलटा केला की कमान निव्वळ दाबावर उभी राहते. त्या साखळीच्या मधोमध जड वजन अडकवलं तर दोन्ही बाजू जवळजवळ सरळ ताणल्या जातात. ते चित्र उलटं धरा, की शंकू मिळतो. त्याचा पाय मात्र बाहेर सरकू पाहतो. म्हणून तळाशी दगडात खाच करून लोखंडी साखळी बसवली आणि वर शिसं ओतलं, कारण लोखंड गंजून फुगलं की दगड फोडतं.

इमारतीच्या पायाभरणीनेही छळलं. ईशान्य कोपऱ्यात कुंभारांनी पूर्वी माती काढलेला खड्डा निघाला. रेन सुमारे 40 फूट खाली गेले, तिथून 10 फूट चौरस दगडी खांब वर आणला आणि कमान टाकून तो आधी घातलेल्या पायाला जोडला.

खरी चूक झाली ती घुमटाखालच्या आठ खांबांत. बाहेरून घडीव पोर्टलंड दगड, आत चुन्यातला डबर. आतली भर दबली, भार बाहेरच्या पातळ थरावर आला आणि सांध्यांच्या कडांना कपच्या उडू लागल्या. डागडुजी रेन यांच्या हयातीतच करावी लागली. पक्का उपाय 1925 ते 1930 दरम्यान झाला: खांबांत सिमेंटचं ग्राउटिंग (पातळ सिमेंट पोकळ्यांत भरणं) आणि घुमटाच्या कंठाभोवती स्टेनलेस स्टीलची साखळी.